दोघींची नोंद

तांबोळी भाऊसाहेबांनी गोल शिक्का पॅडवर दोनदा दाबला आणि माझ्या जन्मदाखल्याच्या कोपऱ्यावर आणला, तेवढ्यात दारातून आई म्हणाली, "भाऊसाहेब, जरा थांबा."

शिक्का हातातच राहिला. मी मागं वळून पाहिलं. नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात आत यायला मी तिला दोनदा सांगितलं होतं, पण ती चपला काढून उंबऱ्याबाहेरच उभी होती. कचेरीत शिरायचं म्हटलं की ती अशीच अवघडायची.

"शिक्का मारला म्हंजे काय व्हतं?" तिनं विचारलं.

मला ओशाळल्यासारखं झालं. तांबोळी भाऊसाहेब मात्र चिडले नाहीत. पन्नाशीचे, जाड भिंगांचा चष्मा लावणारे, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. शिक्का पॅडच्या डबीत ठेवून ते म्हणाले, "असं आहे ताई, हा दाखला आमच्याच कचेरीतून दिलेला आहे, आणि त्यावर लिहिलेलं ह्या वहीतल्या नोंदीशी जुळतं. मी स्वतः वही काढून बघितलं, असं मी सहीनिशी सांगतो. पडताळणी म्हणतात त्याला."

"येवढंच?"

"एवढंच. पण कायद्यात ह्या वहीतला उतारा जन्माचा पुरावा धरतात. त्यामुळं पुढं कुणी शंका घेत नाही."

"म्हंजे वहीतली ती हीच पोरगी, असं तुमी म्हनता का?"

भाऊसाहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "ते मी कसं म्हणेन? मी नोंद बघतो. नोंदीतलं मूल आणि समोर उभी असलेली पोर एकच, हे दाखला आणणाऱ्यानं सांगायचं. अर्जाखाली हिची सही आहे, ती त्यासाठीच."

"आन् एकदा शिक्का बसला की?"

"मग सरकारच्या लेखी ती हीच."

आई आत आली. टेबलापाशी येऊन तिनं वहीच्या उघड्या पानाकडे पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं.

"मग मारू नका," ती म्हणाली. "वहीत हाय ती ही न्हाई."

हे जून १९९८ मधलं. मी बारावी पास झाले होते आणि जिल्ह्याच्या गावी नर्सिंगच्या शाळेच्या यादीत माझं नाव लागलं होतं. आमच्या बोळात विडी वळणाऱ्या बायकांच्या पोरींत बारावीपर्यंत पोचलेली मीच पहिली. वडील मी नववीत असताना गेले. त्यानंतर आई पहाटे उठून पानं कापायला बसायची आणि मला विड्यांच्या सुपाला हात लावू द्यायची नाही, "तू वाच" म्हणायची. नर्सिंगच्या शाळेतल्या बाईंनी कागद तपासताना रेशनकार्ड आणि जन्मदाखला शेजारी शेजारी ठेवले. दाखल्याप्रमाणे मी अठराची, रेशनकार्डावर सोळाची. त्या म्हणाल्या, दाखला मूळ वहीशी पडताळून, सही-शिक्का घेऊन शुक्रवारपर्यंत आणून दे, मग काही अडचण नाही. रेशनकार्डावरचं वय आईनं तोंडी सांगितलेलं, म्हणजे ते चुकलं असणार, असं मी धरून चालले होते. त्या दिवशी बुधवार होता.

"बसा," भाऊसाहेब म्हणाले. आई बसली नाही. टेबलाच्या कडेला बोटं टेकवून उभी राहिली आणि दुसऱ्याच कुणाची हकीकत सांगावी तसं तिनं सांगितलं.

"वहीतली माझी थोरली. सरकारी दवाखान्यात झाली म्हनून लिवली गेली. नऊ म्हयन्यांची व्हऊन गेली. दिवाळी सरली आन् ताप आला. ही तिच्या पाठची. ही घरात झाली. हिला कुनी लिवलं न्हाई."

"आणि नाव? वहीत उज्ज्वला आहे."

"सासूबाईंनी तेच ठिवलं. म्हनल्या, गेलेली परत आलीया. शाळंत घालायच्या वक्ताला हिच्या बापानं घरात व्हता तो दाखला दिला."

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं, आणि मी टेबलावरच्या दाखल्याकडे पाहत राहिले. उज्ज्वला रंगनाथ कानवडे, स्त्री, ३ फेब्रुवारी १९८०. दहावीच्या फॉर्मवर, बारावीच्या फॉर्मवर, कितीदा मी ही तारीख लिहिली होती.

भाऊसाहेब उठले. कपाटातून त्यांनी दुसरी वही काढली, मृत्यूची, आणि १९८० सालचा नोव्हेंबर काढून ओळीओळीवरून बोट फिरवलं. डिसेंबर पाहिला. पुन्हा नोव्हेंबर पाहिला.

"नाही," ते म्हणाले.

"न्हाईच?" आईनं विचारलं.

"घरी वारली ना? कुणी येऊन सांगितलं तरच लिहितात." ते परत खुर्चीत बसले. "हिचा जन्म कधीचा?"

"भोगीच्या आदल्या दिशी. ती गेल्यावरच्या दुसऱ्या संक्रांतीला."

त्यांनी कागदावर आकडेमोड केली. "बारा जानेवारी ब्याऐंशी." मग मला विचारलं, "प्रवेशाला वय किती लागतं?"

"एकतीस डिसेंबरला सतरा पूर्ण पाहिजेत."

मी बोटांवर मोजलं. बारा दिवस कमी पडत होते.

"हे बघा," भाऊसाहेब म्हणाले, "मी आत्ता ऐकलं ते वहीत नाही. वही म्हणते दाखला बरोबर आहे, आणि माझी सही वहीपुरती. ती खोटी होत नाही. खोटी होईल ती हिची. आणि आतापर्यंत हिला माहीत नव्हतं, आता आहे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे ऐकल्यावर माझा तरी हात उचलेल का, मला ठाऊक नाही. मी जेवून येतो. दोन वाजता या. दोघी बोलून घ्या."

आम्ही बाहेर आलो. पाण्याच्या टाकीच्या सावलीत सिमेंटचा बाक होता, तिथं बसलो. समोरच्या रस्त्यावर ऊन रणरणत होतं. आईनं घरून बांधून आणलेली भाकरी सोडली, माझ्यापुढं धरली. मी घेतली नाही.

"इतकी वर्षं गप्प बसलीस," मी म्हणाले, "आणि आजच तोंड उघडायचं होतं तुला?"

"गपच बसनार व्हते. वाटंनं येताना बी तेच ठरवलं व्हतं."

"मग?"

आई भाकरीचं फडकं पुन्हा बांधत राहिली. गाठ बसली तरी बोटं थांबली नाहीत.

"त्यांनी वही उघडली आन् बोट ठिवलं," ती म्हणाली. "मला वाचता येत न्हाई, पर तिथं ती हाय येवढं कळलं. तिचं कुटं काय ऱ्हायलंय हेच मला ठावं नव्हतं, उजे. झबली, टोपडी, सारं तुलाच घातलं. फोटू न्हाई. नाव बी तुला दिलं. अठरा वर्सांनी एका जागी ती घावली, आन् त्यावर ते शिक्का मारनार, की ती ही हाय म्हनून. माझ्या तोंडातून निघून गेलं."

"मला काय करायचंय तिचं?" मी म्हणाले. "माझं साल जाईल. पुढच्या वर्षी यादीत नाव लागेल कशावरून? ती तर गेली ना? तिला काय फरक पडतो?"

हे मी बोलले. आज सव्वीस वर्षांनीही ते वाक्य आठवलं की मान खाली जाते. आई रागावली नाही. उन्हाकडे बघत म्हणाली, "खरं हाय तुझं. जा, मारून घे शिक्का. मी कुटं बोलनार न्हाई. भाऊसाहेबांच्या पाया पडते, ते बी न्हाई बोलायचे. तुझं साल नको जायला."

आणि ती खरंच उठायला लागली. मी तिचा पदर धरला. का धरला ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. तिनं दोन पावलं टाकली असती तर काम झालं असतं.

"बस," मी म्हणाले. मग काही तरी विचारायचं म्हणून विचारलं, "दिसायला कशी होती?"

आई बसली. तिनं मांडीवरचा पदर सारखा केला. मला वाटलं, आठवत नसेल.

"खालचे दोन दात आले व्हते," ती म्हणाली. "सावळी व्हती, तुझ्यापेक्षा. मी पानं कापाया बसले की मांडीला टेकून बसायची. कात्रीचा आवाज लई आवडायचा तिला. आवाज थांबला की रडायची. पानं सरली तरी मी नुसतीच कात्री चालवीत बसायची." तिनं उजव्या हाताची दोन बोटं हवेत उघडली, मिटली. "शेवटल्या दिशी बी चालवली. पर तिनं बघितलं न्हाई."

मी तिच्याजवळ सरकले.

"तू झालीस तवा घरात सारी खुशीत," आई पुढं म्हणाली. "सासूबाई शेजारपाजारला सांगत सुटल्या, आमची उज्ज्वला आली, आमची उज्ज्वला आली. मला ठावं व्हतं, ती न्हाई. तुझं रडनं निराळं, तुझं कपाळ निराळं. तू दुसरी कुनीतरी व्हतीस, पहिल्यांदाच आल्याली. पर मी म्हनले न्हाई. म्हनले असते तर ती गेली हे पुन्यांदा सांगावं लागलं असतं. तुझे बाबा तिचं नाव काढलं की उठून जायचे. मग तसंच चालू ऱ्हायलं. तुला लिवायचं ऱ्हायलं ते माझ्याकडून ऱ्हायलं."

रस्त्यावरून एक टांगा गेला. नगरपालिकेच्या आवारातले लोक जेवायला पांगले होते. मला दाखल्यावरची तारीख आठवत होती. बारा वर्षं मी ती माझी म्हणून मिरवली. शाळेत वर्गातली सगळ्यांत ठेंगणी मी का, हे तेव्हा कळलं. पण त्या क्षणी मला जे खुपत होतं ते वयाचं नव्हतं. आई म्हणाली होती, दुसरी कुणीतरी, पहिल्यांदाच आलेली. मी त्या दिवसापर्यंत कुणाच्याच वहीत नव्हते, हे मला तिथं बसल्या बसल्या समजत गेलं.

मी फडक्याची गाठ सोडली. आम्ही दोघींनी भाकरी खाल्ली. दोन वाजता मी आत गेले.

"शिक्का नको, भाऊसाहेब," मी म्हणाले.

त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. "नक्की? साल जाईल."

"माहीत आहे."

त्यांनी माझा दाखला घडी करून माझ्याकडे दिला नाही, आईकडे दिला. "हा जपून ठेवा ताई, हा खराच आहे. फक्त हिचा नाही." मग कोरा कागद ओढून त्यांनी मला एकेक गोष्ट सांगायला सुरुवात केली. जन्माला वर्ष उलटून गेलं की साध्या अर्जावर नोंद होत नाही. आधी ह्या कचेरीचं लिहून पाहिजे की हिची नोंद आढळत नाही. मग प्रतिज्ञापत्र. मग तालुक्याच्या कोर्टात अर्ज, साक्षीदार, आणि न्यायाधीशांची खात्री पटली तर हुकूम. थोरलीच्या मृत्यूलाही तसाच हुकूम.

"नाव दोघींचं एकच चालेल का?" मी विचारलं.

"नावाला कायद्याची हरकत नाही. तारीख वेगळी, नोंद वेगळी, माणूस वेगळं." त्यांनी कागदावर पहिलं वाक्य लिहिलं: श्रीमती चंद्रभागा रंगनाथ कानवडे यांना दोन मुली झाल्या. ते वाचून दाखवल्यावर आई जमिनीवर बसली. पदर तोंडाला लावून, अजिबात आवाज न करता, ती बराच वेळ तशीच बसून राहिली. भाऊसाहेब लिहीत राहिले.

शुक्रवारी यादीतलं माझं नाव गेलं. माझ्या जागी कोण गेलं ते मी विचारलं नाही. त्या वर्षी मी आईशेजारी सूप घेऊन बसले. मला विड्या काही नीट जमल्या नाहीत. दुपारनंतर कोर्टाचे आणि शाळेत माझी जन्मतारीख बदलून घेण्याचे हेलपाटे असत. काही दिवस मी आईशी धड बोलत नसे. मग एखाद्या संध्याकाळी तीच थोरलीचं काहीतरी सांगायची, तिला गाईचं दूध पचायचं नाही असलं काही, आणि माझा राग तेवढ्यापुरता विरून जायचा.

नोव्हेंबरात कोर्टात आमचा पुकारा झाला. न्यायाधीश तरुण होते. त्यांनी आधी हौसाआजीला विचारलं. आमच्या बोळात राहायची ती, माझी नाळ तिनं कापलेली. ऐकू कमी यायचं, तरी तिनं ठणकावून सांगितलं की दोघीही तिनं पाहिल्यात आणि दोघींची तोंडं निराळी. मग आई उभी राहिली.

"तुम्हाला लिहिता-वाचता येत नाही," न्यायाधीश म्हणाले. "मग धाकटीची तारीख इतकी पक्की कशी सांगता?"

आई घाबरेल असं मला वाटलं होतं. ती माझ्याकडे बघून बोलायला लागली, त्यांच्याकडे नाही.

"भोगीसाठी तीळ भाजत व्हते, साहेब. कळा आल्या तरी म्हनलं येवढे भाजून घ्यावेत. तवा उतरवायला उठले आन् जमलंच न्हाई. हौसाबाई धावत आल्या. तीळ जळाले, साऱ्या खोलीत धूर. ही झाली तवा त्या धुरानंच शिंकली आधी, मग रडली. हौसाबाई हसल्या, म्हनल्या, ह्या पोरीला आपलं घर काय आवडल्यालं न्हाई. मी बी हसले. ती गेल्यावर मी पहिल्यांदा हसले, म्हनून मला ध्येनात हाय."

मागच्या बाकावर हौसाआजीनं शेजारच्याला विचारलं, काय म्हणतीया. न्यायाधीशांनी खाली मान घालून काहीतरी लिहिलं. मला माझ्या जन्माची ही गोष्ट त्याआधी कुणीच सांगितली नव्हती. कशी सांगणार? घरात माझा जन्म झालेलाच नव्हता, कुणीतरी परत आलं होतं. मी उभ्या उभ्या रडत होते आणि आमचे वकील मला खुणेनं गप्प राहा म्हणत होते.

हुकूम जानेवारीत झाला. तो घेऊन आम्ही तांबोळी भाऊसाहेबांकडे गेलो. त्यांनी दोन्ही वह्या काढल्या, हुकुमाचा क्रमांक घालून दोन्हींत ओळी लिहिल्या आणि दोन उतारे तयार केले.

"वाचून दावा," आई म्हणाली. ह्या वेळी ती खुर्चीवर बसली होती. "आधी थोरलीचा."

त्यांनी वाचलं. नाव, वय नऊ महिने, आईचं नाव, बापाचं नाव, ठिकाण राहतं घर. आई एकेका शब्दाला मान हलवत होती. मग त्यांनी माझा वाचला. पुन्हा तेच नाव, तेच आईबाप, तेच घर. तारीख १२ जानेवारी १९८२. दोन्हींवर त्यांनी शिक्का मारला. ह्या वेळी कुणी थांबा म्हटलं नाही.

पुढच्या वर्षी माझं नाव यादीत पुन्हा लागलं, शेवटून तिसरं. वसतिगृहात आई मला सोडायला आली. तिथल्या मेट्रनबाई मोठं रजिस्टर उघडून प्रत्येकीची माहिती भरत होत्या. गाव, पालक, आजारपण. माझ्यापाशी आल्यावर त्यांनी आईला विचारलं, "भावंडं?"

"एक बहीन," आई म्हणाली. "हिच्यावरची. ती आता न्हाई."

"नाव?"

"उज्ज्वला."

मेट्रनबाईंनी पेन थांबवलं. "हिचं लिहिलं मी. बहिणीचं सांगा."

"तिचंच सांगते," आई म्हणाली.

मेट्रनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "बरोबर आहे बाई, लिहा."